मुख्य प्रेक्षकाचा मान

श्रीनिवास हसबनीस यांच्या घरी टीव्ही एकच होता, पण त्याच्या केबली सतरा होत्या. त्यांतल्या सोळा निवृत्त होऊन दिवाणाच्या पोटात गेल्या होत्या. तिथे प्रत्येकीला वेटोळं करून, दोरा बांधून, वर चिठ्ठी लावलेली होती: आवृत्ती, खरेदीची तारीख, सेवासमाप्तीची तारीख. हसबनीस स्वतः वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते, आणि सेवासमाप्तीची नोंद नसणं किती त्रासदायक असतं हे त्यांना ठाऊक होतं.

बत्तीस वर्षं सांगली, मिरज आणि तासगावच्या बाजारांत त्यांनी तराजू तपासले होते. एखादा दुकानदार ‘माल ओरिजनल आहे’ म्हणाला तर ते नुसते हसत. ‘प्रमाणपत्र आहे’ म्हणाला की पाकीट काढत. त्यामुळे टीव्हीच्या केबलची नवी आवृत्ती निघाली आणि पडद्यावर ‘अधिक चांगल्या अनुभवासाठी प्रमाणित केबल वापरा’ अशी सूचना आली की दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी हसबनीस पायरीवर हजर असत. आवृत्ती दोनमध्ये काळा रंग आणखी काळा झाला. तीनमध्ये क्रिकेटच्या मैदानावरचं गवत मोजता येऊ लागलं. चार-अ मध्ये काय झालं हे कुणालाच कळलं नाही, आणि चार-ब मध्ये ते दुरुस्त झालं.

“बातम्या त्याच आहेत की हो,” त्यांच्या पत्नी शुभदाताई म्हणत.

“अगं, पण आता किती स्पष्ट दिसतात!”

“तेच म्हणतेय मी.”

मग २०३९ सालच्या उन्हाळ्यात आवृत्ती पाच आली, आणि सांगलीच्या विश्रामबागेतल्या सुखी संसारांना थोडा धक्का बसला.

पाच नंबर समजण्यासाठी थोडं विज्ञान समजून घ्यावं लागेल. फार नाही, भडंगाच्या एका वाटीत संपेल एवढंच. भिंतभर मोठ्या नव्या पडद्यांवर ठिपके होते तेरा कोटींच्या वर. ते सगळे सेकंदाला एकशेवीस वेळा रंग बदलणार, म्हणजे केबलमधून दर सेकंदाला पाचशे अब्जांच्या आसपास बिट धावायला हवेत. तांब्याची तार यापुढे हात टेकते. काचेची तार घेतली तर दोन्ही टोकांची यंत्रं इतकी तापतात की त्यांवर दूध उतू जावं. तेव्हा जागतिक दृश्यतार समितीतल्या कुणा हुशार बाईंनी प्रश्नच उलटा केला. एवढे ठिपके पाठवतो, पण बघतो कोण?

खरं म्हणजे कुणीच नाही. हात लांब करून अंगठा धरा. त्याच्या नखाएवढ्या जागेतलंच माणसाच्या डोळ्याला बारकाईने दिसतं. बाकीचं सगळं धूसर असतं. डोळा सेकंदाला तीन-चार वेळा इकडून तिकडे उडी मारतो, आणि मेंदू ते तुकडे शिवून सगळं स्वच्छ दिसल्याची थाप आपल्याला मारतो. या थापेवर आपण जन्म काढतो. पाच नंबरने एवढंच केलं, की या थापेत आपला हिस्सा मागितला. केबलमध्ये उलट्या दिशेने जाणारी एक जादा वाट ठेवली. पडद्यावरचा बारीक कॅमेरा तुमची बुबुळं कुठे वळली ते बघणार, तो निरोप त्या वाटेने जाणार, आणि तुमची नजर पोचेपर्यंत नेमक्या तेवढ्याच तळहाताएवढ्या गोलात सगळे ठिपके भरले जाणार. उरलेल्या पडद्यावर लापशी. पण तुम्हाला ती लापशी कधीच दिसणार नाही, कारण जिथे बघाल तिथे ती नसेल.

कल्पना निर्दोष होती. फक्त ‘तुम्ही’ म्हणजे किती जण, हा तपशील राहिला. समितीने पाहणी केली होती, आणि एका टीव्हीसमोर सरासरी एक पूर्णांक तीन दशांश माणूस बसतो असं तिला आढळलं होतं. हा माणूस कुठल्या देशात राहतो ते समितीलाच माहीत. सांगलीत मॅचच्या दिवशी एका टीव्हीसमोर चौदा जण असतात, आणि दोघे दारातून ‘स्कोअर किती?’ विचारतात.

म्हणून पाच नंबरला एक मुख्य प्रेक्षक लागे. रिमोटवरचं बटण तीन सेकंद दाबून कॅमेऱ्याकडे बघितलं की तुम्ही मुख्य. बाकीच्यांनी लापशी बघायची.

आपल्याकडे अशा गोष्टीला ताबडतोब ‘मान’ म्हणतात, आणि मान म्हटलं की रुसवा आलाच. मिरजेत एक जावई आमरसाच्या जेवणाला आला असताना मेहुण्याने मान सोडला नाही म्हणून न जेवता परत गेला. कुपवाडमध्ये तीन भावांनी वारांची वाटणी केली. रविवारवरून प्रकरण वकिलापर्यंत गेलं. बुधगावच्या एका सासूबाईंनी मान स्वतःकडे ठेवला आणि मालिका सुरू झाल्यावर पाच मिनिटांत त्यांना डुलकी लागे. डोळे मिटले की सगळा पडदा विरघळे, आणि सुना सासूला उठवू की नको या पेचात बसून राहत. समितीकडे तक्रारींचा ढीग गेला. समितीने कळवलं की घरात एकाहून अधिक माणसं असल्यास एकाहून अधिक टीव्ही घ्यावेत. आवृत्ती पाच-एकमध्ये दोन प्रेक्षकांची सोय विचाराधीन होती.

हसबनीसांच्या घरी मात्र काहीच तक्रार नव्हती. म्हणजे हसबनीसांची नव्हती. केबल त्यांनी जोडली, बटण त्यांनी दाबलं, मुख्य प्रेक्षक ते. त्यांना सगळं लख्ख दिसे.

“मला धूसर दिसतंय,” शुभदाताई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या.

हसबनीसांनी पडद्याकडे बघितलं. स्वच्छ. त्यांनी जोखलेल्या बारीकातल्या बारीक काट्यापेक्षा स्वच्छ. मग त्यांनी एका प्रेमळ, जबाबदार पतीने करावं ते केलं. बायकोला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे बाहेर बत्तीस बायका आणि चार सासरे बसले होते, आणि सगळ्यांची तक्रार एकच होती. डॉक्टरांनी शुभदाताईंना नवा चष्मा दिला. नव्या चष्म्यातून लापशी अधिक स्वच्छ दिसू लागली.

या सुमारास मृण्मयीचं लग्न ठरायच्या बेतात होतं, आणि बेतातच अडकलं होतं.

मृण्मयी ही हसबनीसांची एकुलती एक मुलगी, कोल्हापुरात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. तिथेच शार्दूल मगदूम. दोघांचं ठरून वर्ष झालं. शार्दूलचे वडील आप्पासाहेब मगदूम यांचे इचलकरंजीत यंत्रमाग होते. पन्नास वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे म्हणा, की मुळातच, ते बोलत नसत. हसबनीस मंडळी इचलकरंजीला जाऊन आली तेव्हा ते दोन वाक्यं बोलले. येताना “या” आणि जाताना “या परत”. त्यांच्या पत्नी सुनंदाबाई सगळ्या बाजूंनी राजी होत्या. पण त्या घरात शेवटचा शब्द आप्पासाहेबांचा असे, आणि तो शब्द महिनाभर येत नव्हता.

“बाबा, ते रविवारी येतायत,” मृण्मयी म्हणाली. “शार्दूल म्हणतोय, या वेळी त्याचे आबा काही बोलले तर बोलले. नाहीतर वर्षभर विषय निघणार नाही. आणि शार्दूल त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही.”

“आणि तू?”

“मी त्याला तसं करायला लावणार नाही.”

हसबनीसांनी तो सबंध दिवस विचार केला. माणूस बोलत नसेल तर त्याला निदान मान असा द्यावा की त्याचं मन उघडलं पाहिजे. आणि संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, “मी त्यांना मुख्य प्रेक्षक करणार.”

शुभदाताई चकल्या पाडत होत्या. सोऱ्या हातातच राहिला. “बघायचं काय?”

“तुझ्या भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ. आपलं घराणं, माणसं, सगळी ओळख एका बैठकीत. त्या फोटोग्राफरने नवा कॅमेरा भाड्याने आणून काढलाय, माशीचे पाय मोजता येतात.”

“बाबा, दुसऱ्याच्या लग्नाचा व्हिडिओ दाखवणं हा छळ आहे,” मृण्मयी म्हणाली.

“बोलणाऱ्या माणसाला. न बोलणाऱ्याची सोय होते.”

यात तथ्य होतं.

रविवारी मगदूम मंडळी आली. आप्पासाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, शार्दूल वडिलांची गप्प राहण्याची कला घेऊन. भडंग झालं, चकल्या झाल्या. हवेबद्दल सुनंदाबाई बोलल्या, कृष्णेच्या पाण्याबद्दल मृण्मयी बोलली, उरलेल्या सगळ्याबद्दल हसबनीस बोलले. आप्पासाहेबांनी सोफ्याच्या कापडावरून एकदा अंगठा फिरवला, एवढंच.

“आप्पासाहेब, तुम्ही मधे बसा,” हसबनीस म्हणाले, आणि दोन्ही हातांनी रिमोट पुढे केला. “आज मान तुमचा. हे बटण धरा आणि वर बघा.”

आप्पासाहेबांनी मान हलवली, बटण धरलं, वर बघितलं. व्हिडिओ सुरू झाला.

आणि बावीस दिवसांत पहिल्यांदा हसबनीसांना लापशी दिसली.

मंगल कार्यालयाचं दार असावं असं काहीतरी होतं. त्यात माणसं असावीत असे रंग होते. सनई स्वच्छ ऐकू येत होती, पण ती वाजवणारा म्हणजे मैद्याचा गोळा होता. त्या सगळ्या गिचमिडीत तळहाताएवढा एकच गोल काचेसारखा लख्ख, आणि तो कार्यालयाच्या कनातीवर फिरत होता.

हसबनीस हळूच बायकोकडे झुकले. “तुला हे असं दिसत होतं?”

“बावीस दिवस,” शुभदाताई पुटपुटल्या.

“मग चष्मा?”

“चष्मा छान आहे हो. सुई ओवता येते.”

तेवढ्यात हसबनीसांच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली, आणि ती जास्त तातडीची होती. तो लख्ख गोल म्हणजे आप्पासाहेबांची नजर होती. ती कुठे जाते हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. फक्त आप्पासाहेबांना, ज्यांच्या दृष्टीने सगळा पडदाच लख्ख होता, याची कल्पना नव्हती.

गोल कनातीवरून निघाला. नवरा-नवरी लापशीत उभे होते, त्यांच्याकडे गेलाच नाही. भटजींच्या उपरण्यावर थांबला. नवऱ्याच्या काकांच्या पाठीवर, कुर्त्याच्या शिवणीवर थांबला. मृण्मयी पडद्यावर आली असावी, कारण तिचं हसणं ऐकू आलं. गोल तिच्या बाजूने निघून गेला. खोलीतली मृण्मयी खाली बघू लागली.

मग पडद्यावर शुभदाताई आल्या. अंगावर हिरवी पैठणी. पंचविसाव्या लग्नवाढदिवसाला हसबनीसांनी येवल्याची म्हणून घेतलेली, हातमागाच्या प्रमाणपत्रासह. अक्षता वाटत त्या पुढे आल्या, आणि गोल उडी मारून त्यांच्या पदरावर बसला. बसला तो हलेना.

शुभदाताई चालल्या, गोल चालला. त्या वळल्या, गोल वळला. दहा सेकंद. पंधरा सेकंद. खोलीतल्या शुभदाताईंनी नकळत अंगावरच्या साध्या साडीचा पदर खांद्यावरून ओढून घेतला. शार्दूल छताकडे बघू लागला. सुनंदाबाईंच्या हातातली चकली मोडली.

हसबनीसांच्या कानशिलांवर रक्त चढलं. मान परत घेता आला असता, बटण तीन सेकंद दाबायचं. पण दिलेला मान व्याह्याकडून काढून घेणं म्हणजे पानावरून उठवण्यासारखं. आणि न घेणं म्हणजे काय, ते समोर दिसतच होतं. निदान व्हिडिओ पुढे ढकलावा म्हणून त्यांनी घाईने आप्पासाहेबांशेजारचा रिमोट उचलला आणि भलतंच बटण दाबलं. चित्र जागच्या जागी थांबलं. नेमका पंख्याचा वारा लागून शुभदाताईंचा पदर उलटा उडाला होता, आणि गोल आता त्यावर सावकाश सरकत होता, इंचाइंचाने, एखादा माणूस बोट ठेवून मोजतो तसा.

“अवो!” सुनंदाबाईंना राहवेना. “असं काय बघालायसा? समद्यांना दिसतंय न्हवं, तुम्ही कुठं बघताय ते!”

“म्हंजे?” आप्पासाहेब म्हणाले. हा त्या दिवसाचा त्यांचा पहिला शब्द.

शार्दूलने, चेहरा शक्य तितका निर्विकार ठेवून, वडिलांना पाच नंबर केबल समजावून सांगितली. आप्पासाहेबांनी ऐकून घेतलं. पडद्याकडे बघितलं, खोलीतल्या चेहऱ्यांकडे बघितलं. आणि मग ते उठले, थेट भिंतीपाशी गेले, आणि पदरावर बोट टेकवलं.

“ह्यो मोर बघा.”

सगळ्यांनी बघितला. बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

“तिसरा. ह्येला चोच न्हाई.”

खरंच नव्हती. पहिल्याला होती, दुसऱ्याला होती, चौथ्याला होती. तिसऱ्या मोराचं डोकं गुळगुळीत होतं, घाईत घरातून निघाल्यासारखं.

“ह्यो पदर आमच्या मागावरचा हाय,” आप्पासाहेब म्हणाले, आणि पन्नास वर्षं साठलेलं बोलणं सुटल्यासारखं झालं. “सात वर्षांमागं जुना जॅकार्ड घेतलो. नक्षीला पुठ्ठ्याची कार्डं असत्यात, भोकं पाडलेली. भोक असंल तिथं दोरा उचलतोय. एक भोक पाडायचं ऱ्हायलं. त्येवढ्या मोराची चोच गेली. माझ्या ध्यानात येईतोवर शंभर साड्या व्यापाऱ्यानं उचललेल्या. मी रोज त्या शंभरांचा इचार करतोय बघा. कोण नेसत आसंल, कुणाला दिसलं आसंल. आज घावली एक!”

त्यांचा चेहरा हरवलेलं मूल जत्रेत सापडल्यासारखा झाला होता.

“पण…” हसबनीस म्हणाले. “ती हातमागाची आहे. प्रमाणपत्र आहे माझ्याकडे.”

आप्पासाहेबांचं बोट पदरावरून खाली आलं. आपण काय बोलून गेलो ते त्यांना आत्ता कळलं. एका माणसाच्या घरी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि त्याने बायकोला दिलेली भेट खोटी ठरवली. “मी मशीनची म्हनूनच इकली हुती,” ते हळू म्हणाले. “पुढं कुणी काय कागद जोडला, मला ठावं न्हाई. बोलाय नको हुतं मी.” आणि ते येऊन पुन्हा सोफ्यावर बसले. तोंड मिटलं. मृण्मयीने शार्दूलकडे बघितलं. वर्षभर म्हणजे वर्षभर, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

“मला माहीत आहे ती मशीनची आहे,” शुभदाताई म्हणाल्या.

हसबनीस वळले. “कधीपासून?”

“घडी मोडली त्या दिवसापासून. उलट बाजूचे धागे बांगडीत अडकले. हातमागाच्या पैठणीला उलट बाजू नसते, दोन्हीकडून सारखी.”

“मग सांगितलं नाहीस?”

“तुम्ही प्रमाणपत्र मोठ्याने वाचून दाखवलंत. दोनदा. खालच्या सहीसकट.” त्या आप्पासाहेबांकडे वळून म्हणाल्या, “बत्तीस वर्षं दुसऱ्यांची मापं पकडलेला माणूस, आप्पासाहेब. स्वतः फसला असं कळलं असतं तर आठ दिवस जेवला नसता. सहा वर्षांत अकरा लग्नांत नेसले मी ती. चोच मात्र मला दिसली नव्हती. चष्मा जुना होता.”

हसबनीस आपल्या बायकोकडे बघत राहिले. ते तेव्हा नक्की काय बघत होते हे कुठल्याच केबलला कळलं नसतं.

“ठाऊक असून नेसला?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“साडी सुंदर आहे. रंग बघा की, सहा वर्षांत तसूभर उतरला नाही. कुठल्या मागावर झाली ते तिला थोडंच विचारायचं?”

आप्पासाहेबांनी आपले तळहात उलटसुलट करून बघितले. “वैनी, महिनाभर मी ह्योच इचार करालतो,” ते म्हणाले. “तुम्ही कागद बघून वस्तू घेनारी मानसं. आमचं समदं मशीनचं. ह्यो पोरगा बी आमच्याच मागावरचा. तुमच्यात खपंल का, म्हनून गप हुतो.”

“आबा!” शार्दूल म्हणाला. एवढंच. पण त्याच्या मानाने ते भाषण होतं.

“आप्पासाहेब,” हसबनीस म्हणाले, “मी कागद बघतो हे खरं आहे. आणि हेही खरं, की या घरात कागदावर विश्वास ठेवून घेतलेली वस्तू मशीनची निघाली आणि तरी ती सगळ्यांत लाडकी आहे. यापुढे माझं काही म्हणणं नाही.”

सुनंदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मृण्मयीला भडंगाच्या रिकाम्या वाट्या गोळा करण्याची एकदम निकड भासली.

“त्ये ऱ्हाऊ दे,” आप्पासाहेब म्हणाले. “वैनी, ती साडी मला द्या. हातानं चोच भरून देतो. कारागीर हाय आमच्यात.”

“मुळीच नाही. या घरात चोची भरपूर आहेत. एकाला तरी नसू दे.”

आप्पासाहेब हसले. आवाज न करता, पण खांदे हलले. मग ते उठले, टोपी सारखी केली आणि दाराकडे निघाले. उंबऱ्यात थांबून म्हणाले, “मग साखरपुड्याला हीच नेसायची. आमची मानसं येतील, त्यास्नी दावायची हाय.”

हसबनीस मागोमाग उंबऱ्यापर्यंत आले.

“साखरपुडा?” हसबनीसांनी विचारलं. “कुणाचा साखरपुडा?”

आप्पासाहेबांनी चपलेत पाय घातला आणि वैतागून बायकोकडे बघितलं.

“आता त्ये बी मीच बोलायचं व्हय?”